हातातलं लेकरू

कप ओठांकडे न्यायचा नाही, ओठ कपाकडे न्यायचे, ही युक्ती मला तानूमावशीनं शिकवली. सरकारी इस्पितळाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. मावशी कप फळीवर ठेवायला लावायची, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायची आणि मान खाली घालून पहिले घोट ओढायची. कप अर्धा झाला की मग हात बाहेर. अर्धा कप कितीही हिंदकळला तरी सांडत नाही.

"पी की," त्या दिवशी ती म्हणाली. "लाजतीस कुणाला? हितं समदी आपल्याच गोतातली."

ते खरं होतं. बुधवारी मानसोपचाराची ओपीडी असायची आणि बुधवारी त्या टपरीवर धडपणे चहा पिणारा माणूस विरळाच. कोण कसली गोळी खातो ते विचारावं लागत नसे. एकाचे पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखे हलत असायचे. एकाची मान एका बाजूला ओढलेली. एक बाई घोटागणिक पदरानं लाळ टिपायची, दुसरीची जीभ इतकी कोरडी की बोलताना टाळूला चिकटायची. मावशी नि मी हात थरथरणाऱ्यांतल्या. आमची गोळी एकच होती, लिथियमची. पहिल्या भेटीत मी तिला अहो-जाहो केलं होतं, दुसऱ्या भेटीत तिनं ते बंद पाडलं. "एकाच वरवंट्याखालच्या मिरच्या आपण," ती म्हणाली, "त्यात कसलं मानपान?"

माझं म्हणाल तर वृषालीच्या जन्मानंतर माझं डोकं फिरलं. हे मी असं उघड सांगते, कारण आडून सांगितलं की लोक त्याहून भलतं समजतात. सासरच्यांनी मला भावाकडे आणून सोडलं आणि तान्ही पोर ठेवून घेतली. पुढे गोळ्या लागू पडल्या. झोप आली, भूक आली, कानातले नको ते आवाज गेले. अंगावर मांस चढलं, ब्लाऊज उसवून घ्यावे लागले, आणि हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, एवढं चालायचंच. त्यांचंही बरोबर होतं. पण विशूला, माझ्या वृषालीला, मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती नुकती पालथी पडायला शिकली होती, आणि आता तिला चौथं लागलं होतं. तिचा चेहरा कसा झालाय हे मला माहीत नव्हतं. फोटोसुद्धा कुणी पाठवला नव्हता.

"बैठक ठरली," मी मावशीला सांगितलं. "दसरा झाला की. विशूला माझ्याकडे द्यायचं की नाही ते त्या दिवशी ठरणार."

"आगं मग तोंड का आसं? पेढं आण की."

"ते म्हणतात हिचे हात कापतात, ही पोर पाडील." मी हात मांडीखालून काढून तिच्यासमोर धरले. "म्हणून मी ठरवलंय. बैठकीपर्यंत गोळी बंद. आधी दोन-तीन आठवडे सोडली तर हात थांबतील. एकदा पोर हातात आली की परत सुरू करीन."

मावशीनं कपातून तोंड वर काढलं. हनुवटीवर चहाचा थेंब लोंबत होता, तो तिनं पुसला नाही.

"म्या सोडून बघितलीया," ती म्हणाली. "भाकरी थापाया येईना. तव्यावर टाकताना घडी पडायची. सुनंच्या हातचं बसून खायाची लाज वाटली, म्हनून सोडली. आठ-धा दिस काय बी झालं न्हाई. हात बी थांबलं. लई बरं वाटलं बघ. आन् मग एक दिस मी हिरीच्या काठाला घावले. मला त्यातलं काय बी याद न्हाई. लेकानं वढून आणलं म्हनून हितं तुज्यासंगं चा पितीया."

"मी थोडेच दिवस सोडणार आहे."

"एक दिस बी न्हाई." तिनं माझं मनगट धरलं. दोघींचे हात एकमेकींत थरथरायला लागले, कुणाचं कापणं कुठलं ते कळेना. "माज्या गळ्याची आण हाय तुला, कांचन. पोर मिळंल न् आई जाईल, त्याचा काय उपेग? सोडायचंच आसंल कुनी काय, तर मी सोडीन."

"तू गोळी सोडून माझे हात कसे थांबतील?" मला हसू आलं.

"गोळी न्हाई गं," ती म्हणाली, आणि तीही हसली. तिच्या गावची एसटी लागली होती. आपलं पोतं काखेत मारून ती निघाली, आणि जाता जाता पुन्हा एकदा वळून बोट दाखवून गेली, की आण घातलीय, विसरू नको.

मी गोळी सोडली नाही. रोज ती तळहातावर घ्यायची, मनात मावशीला दोन शिव्या द्यायच्या आणि गिळायची.

दसऱ्यानंतर दादा नि मी सासरी गेलो. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली होती. सासरे होते, त्यांचे थोरले बंधू होते, गावातले एक निवृत्त हेडमास्तर होते. माझा नवरा श्रीकांत भिंतीला टेकून आपल्या पायांच्या बोटांकडे बघत बसला होता. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही तो असाच बोटांकडे बघत उभा राहिला असता तर मी तेव्हाच ओळखलं असतं. विशू दिसली नाही. आतून कुठूनतरी लहान पोरीचा आवाज आला, "मला पण, मला पण," आणि कुणीतरी दार लावलं. एवढंच माझ्या वाट्याला आलं.

दादा चांगलं बोलला. डॉक्टरांनी काय सांगितलं, मी घरी शिवणटिपण कशी करते, वर्ष-दीड वर्षात एकदाही काही झालं नाही, सगळं. हेडमास्तर मान डोलवत होते. मला वाटलं, जमतंय.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून दिला. मला मात्र कपबशीतून, बशीत सांडायला टेकलेला, काठोकाठ भरलेला कप. "पाहुणी आहेस," त्या म्हणाल्या, "तुला कपातून."

आता फळी कुठली नि मांडीखाली हात कुठले. सगळे पेले तोंडाला लावून माझ्याकडे बघत होते. कप जमिनीवर ठेवून वाकून प्यावं तर म्हशीसारखं दिसलं असतं, न प्यावं तर अपमान केला म्हणतील. मी कपबशी उचलली. बशीवर कप किणकिणायला लागला. आधी हळू, मग लोक बोलायचे थांबले तसा जास्तच. चहा बशीत आला, बशीतून माझ्या मांडीवर, मांडीवरून सतरंजीवर. भाजलं होतं, पण ओरडायची सोय नव्हती.

"बघा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "बघा तुम्हीच. हिच्या हातात लेकरू द्यायचं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. थोरले बंधू म्हणाले, "पोर इथं सुखात आहे. उगाच कशाला?" आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. श्रीकांतनंसुद्धा.

त्यानंतरच्या बुधवारी मी इस्पितळात गेले ती मावशीवर आग पाखडायलाच. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. ओपीडीच्या बाकावर ती भिंतीला डोकं टेकून बसली होती आणि शेजारी एक तरुण बाई होती. एरवी मावशी एकटी यायची. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांपुढे ती सांडलेली बशी होती.

"तुझं ऐकलं," मी उभ्या उभ्या म्हणाले, "आणि पोर गेली माझी. कळलं? गोळी सोडली असती तर हात थांबले असते. कपभर चहापायी गेली माझी पोर!"

मावशीनं डोळे उघडले. ती बोलायला लागली आणि तोंडात विड्याचा तोबरा धरल्यासारखे शब्द बाहेर पडले. "येल," ती म्हणाली. "पोल... येल." येईल म्हणायचं होतं तिला.

तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट पाहिलं. हात नेहमीसारखे थरथरत नव्हते, ते उडत होते. खांद्यापासून. पायसुद्धा. ओठांच्या कडेला चिकटा सुकला होता. माझा सगळा राग पायांतून जमिनीत गेला.

"काय झालं हिला?"

"आठ दीस झालं उलट्या न् हगवन लागलीया," शेजारची बाई म्हणाली. ती मावशीची सून, रतन. "चालाया गेल्या की झिंगल्यागत झोकांड्या जात्यात. गावात लोक हसत्यात. ह्या म्हनत्यात, गोळीनं हुतंय, गोळी घेतल्याबिगार ऱ्हायाचं न्हाई. येक दीस चुकवली न्हाई बघा गोळी."

नाव पुकारल्यावर मावशी उठली, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्या पावलाला माझ्या अंगावर आली.

तिला बायकांच्या वॉर्डात घेतलं. आमचे हर्डीकर डॉक्टर चिडके, पण माणूस सोन्यासारखा. त्यांनी रक्त काढून घेतलं, गोळी तिथल्या तिथे बंद केली, सलाईन लावायला सांगितलं आणि रतनला विचारत सुटले. दुसरं कुठलं औषध? दुखण्याच्या गोळ्या? पाणी कमी पितात? खाण्यात काही बदल?

रतन पदराशी चाळा करत उभी होती. मग म्हणाली, "मीठ सोडलंय आत्यांनी."

"काय?"

"नवस बोलल्यात. लक्ष्मीआईला. घट बसायच्या आधीपास्नं अळणी खात्यात. भाकरीत न्हाई, कोरड्यासात न्हाई. चिमूटभर बी न्हाई."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ही गोळी चालू असताना मीठ तोडायचं नसतं. शरीराला मीठ मिळालं नाही की ते ही गोळी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. रोजची गोळी रोज आत साठत जाते. औषधाचं विष होतं."

"पर मीठ तर समदीच सोडत्यात की," रतन रडवेली झाली. "माजी आय सोमवारचं अळणी खाती. तिला कवा काय झालं न्हाई."

"तुमची आई ही गोळी खात नाही, बाई."

त्यांना तिच्यावर ओरडायचं होतं, पण ते ओरडले नाहीत. नेहमीसारखं जेवा, भरपूर पाणी प्या, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. मीठ सोडू नका असं वेगळं सांगावं लागेल हे त्यांच्या मनात कशाला येईल? आणि देवीसाठी सोडलेल्या मिठाचा डॉक्टरशी काही संबंध असेल हे मावशीच्या तरी मनात कशाला येईल?

"कशासाठी बोलली नवस?" मी रतनला विचारलं.

"कुनाची तरी पोर हाय. ती पोर आईच्या मांडीवर येईस्तवर मीठ तोंडाला लावायचं न्हाई, आसं बोलल्यात. हितलीच कुनी मैतरीन हाय म्हनं. नाव इचारलं तर सांगत न्हाईत. ज्याच्यासाठी बोलायचं त्याच्या कानावर गेलं तर नवस फळत न्हाई म्हनत्यात."

मी तिथेच कॉटच्या कडेला बसले. गोळी न्हाई गं, असं ती म्हणाली होती तेव्हा मी हसले होते. माझी आई लहानपणीच गेली. माझ्यासाठी कुणी कधी साधा उपास धरल्याचं मला आठवत नाही. आणि ही परक्या गावची, बुधवारी भेटणारी बाई महिनाभर अळणी भाकरी गिळत होती. त्या पोरीच्या आईला पोर कधीच मिळणार नव्हती. म्हणजे हिच्या तोंडाला मीठही कधीच लागणार नव्हतं.

सलाईन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला थोडी तरतरी आली, माणसं ओळखायला लागली. तेव्हा झाडणारी आया आपली चांगल्या मनानं म्हणाली, "घाबरू नगा आज्जी, मीठच चाललंय बाटलीतनं. मिठाचंच पानी हाय ते."

मावशीनं बाटलीकडे पाहिलं. मग तो उडता हात तिनं दुसऱ्या हातापर्यंत नेला आणि सुई उपसून काढली. रक्ताची धार चादरीवर आली. नर्स धावली, रतन ओरडली. पुन्हा सुई लावली, पुन्हा तिनं ओढली. हात बांधले तर मान आपटायला लागली. पेज आणली तर दात घट्ट. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "मावशी, मला कळलंय. मी सोडवते तुला नवसातून. माझा नवस आहे ना? मग मी सांगते, खा."

तिनं डोळे माझ्याकडे वळवले. "पोल?" एवढंच म्हणाली.

"येईल."

तिनं मान फिरवली. येईल हे तिला स्वतःलाच ठाऊक होतं. तिला आलेली हवी होती.

डॉक्टर मला वॉर्डाबाहेर घेऊन गेले. "असंच चाललं तर पुण्याला न्यावं लागेल," ते म्हणाले. "रक्त यंत्रातून धुवावं लागेल. पण इतक्या लांबचा रस्ता हिला झेपेल असं मला वाटत नाही. तोंडानं खायला-प्यायला लागली आणि सलाईन राहू दिलं तर इथंच निभावेल. तुमचं ऐकते का बघा."

व्हरांड्यात हाडाच्या वॉर्डासमोर एक बाई भिंतीशी बसली होती. ट्रॉलीवर तिचा नवरा पायाला प्लास्टर घालून झोपला होता, आणि तिच्याजवळ एक पोरगी बिस्किटाचा पुडा पोटाशी धरून उभी होती. चार वर्षांची असेल. केसांना लाल रिबीन, नाकात चमकी, फ्रॉकला मागून हूक नाहीत म्हणून पिन लावलेली. मी तिच्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. तिनं मला बिस्कीट पुढे केलं.

"बाई," मी तिच्या आईला म्हणाले, "तुमची पोर मला जरा वेळ द्याल?"

ती बाई चपापून उठली. मी सगळं सांगितलं. सासरचं, चहाचं, मिठाचं. सांगताना माझे हात समोर होते आणि तिची नजर त्यांच्यावर होती.

"हात कशानं कापत्यात तुमचं?"

"गोळीनं."

"कसली गोळी?"

ताप आहे म्हटलं असतं तर चाललं असतं. "डोक्याची," मी म्हणाले.

तिनं पोरीला पायाशी ओढून घेतलं. मी वळायला निघाले. माझ्या जागी ती असती तर मीही पोर दिली नसती.

"म्हातारीनं खरंच मीठ सोडलंय?" मागून तिनं विचारलं.

"महिना झाला."

"दुसऱ्याच्या पोरीसाठी?"

"हो."

ती नवऱ्याकडे बघत राहिली, जणू त्याला विचारतेय, पण तो झोपला होता. "न्या," ती म्हणाली. "नवसाला न्हाई म्हनू नये. पर हाताला धरून न्या. उचलू नगा."

मी तिला हाताला धरूनच नेलं. तिची आई मागे चालत होती. पण वॉर्डाच्या दाराशी फिनेलचा वास आला, आत कुणीतरी कण्हलं, आणि पोरगी थबकली. तिनं वर पाहिलं आणि लहान पोरं करतात तसे दोन्ही हात वर केले.

मी उचललं. दुसरं काय करणार होते? तिचा भार माझ्या कमरेवर आला. माझे हात थरथरत होते, त्यानं ती सगळीच थरथरली, पायातल्या वाळ्यांसकट. मला वाटलं, पडणार. आता पडणार. तिला मात्र वाटलं मी तिला खेळवतेय. ती खदखदून हसली, माझ्या गळ्याला मिठी मारली आणि म्हणाली, "अजून."

मी तशीच चालत मावशीच्या कॉटपाशी गेले आणि पोरीला मांडीवर घेऊन बसले. रतनकडे पाहिलं. ती हुशार होती, बोलली नाही.

"मावशी," मी म्हणाले, "आली बघ."

मावशीनं डोळे उघडले. आधी माझ्या हातांकडे पाहिलं, ते कुणाला धरून आहेत ते, आणि मग पोरीच्या तोंडाकडे. किती वेळ बघितलं तिनं! दाराशी त्या पोरीची आई तोंडाला पदर लावून उभी होती.

"इशू का गं तू?" मावशीनं विचारलं. जड जिभेनं, पण स्पष्ट.

पोरगीच्या तोंडात बिस्कीट होतं. तिनं मान डोलवली. लहान पोरं कशालाही मान डोलवतात.

मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. "आयवानीच हाय," ती म्हणाली. "नाक... तुजंच हाय, कांचन." मग ओठ ओले करून म्हणाली, "तिच्या हातनं दे."

रतननं डब्यातून मिठाची चिमूट पोरीच्या बोटांत दिली. मी पोरीचा हात धरून मावशीच्या तोंडापाशी नेला. माझ्या हातानं तिचा हात हलत होता, निम्मं मीठ चादरीवर पडलं. उरलेलं मावशीनं जिभेवर घेतलं आणि डोळे मिटले. पोरगीनं आपली बोटं चाटली आणि तोंड वाकडं केलं. मावशी हसली. मग तिनं मीठ घातलेली पेज वाटीभर घेतली, आणि सुई लावली तेव्हा हात पुढे करून दिला.

व्हरांड्यात मी पोर परत दिली. तिच्या आईनं तिला चाचपून घेतलं, कुठे लागलं-बिगलं नाही ना बघितलं. "जगतीया का म्हातारी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मला तिच्या पाया पडायचं होतं, ते राहून गेलं. नावही विचारलं नाही, तिचंही नाही आणि पोरीचंही नाही. त्या वेळी मला वाटलं, नाव कळलं की ती विशू राहणार नाही. ट्रॉली हलली, त्या दोघी तिच्यामागे गेल्या, आणि मी माझे हात तसेच कमरेशी धरून कितीतरी वेळ उभी होते.

तानूमावशी जगली. पण जीभ कधी मोकळी झाली नाही आणि पाय सरळ पडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, विष मेंदूला लागून गेलं, तेवढं आता राहणार. तिची गोळी बदलली. रतनच्या खांद्यावर हात टाकून ती दर महिन्याला यायची. चहा आता तिला पाजावा लागे, मी पाजायची. माझे थरथरते हात नि तिचे उडते ओठ, निम्मा चहा बाहेर जायचा आणि आम्ही दोघी हसायचो. मग ती विचारायची, "इशू?"

मी सांगायची. बालवाडीत घातलं. रिबीन लालच हवी म्हणून हटून बसते. नाकातली चमकी हरवली, नवी घेतली. पहिला दात पडला, छपरावर टाकला. पहिलीत बाईंनी हुशार म्हटलं. गोवर आला होता, निभावला. आधी मी आदल्या दिवशी ठरवून ठेवायची, पुढे ठरवावं लागेना. शिवणावर बसल्या बसल्या मला ती दिसायची, फ्रॉकला पिन लावलेली, "अजून" म्हणत हात वर करणारी. तिच्यासाठी मी एकदा हूक लावलेला फ्रॉकसुद्धा शिवला. मावशीला दाखवला. तिनं तो गालाला लावला. घरी आल्यावर तो काय करायचा ते मला कळेना, म्हणून पेटीत ठेवला. असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका बुधवारी रतन एकटीच आली, आणि विशूबद्दल विचारणारं कुणी उरलं नाही. विशू मात्र माझ्याजवळ राहिली. वाढत राहिली.

वृषाली बारावीनंतर आली. आपली आपण, कुणाला न सांगता, पत्ता शोधत. मी मशीनवर होते. दारात उंच, सावळी, श्रीकांतच्या नाकाची एक मुलगी उभी होती.

"कोण हवंय?" मी विचारलं.

"आई," ती म्हणाली, "मी वृषाली."

मी उठले. तिला जवळ घेतलं, घट्ट धरलं. माझे हात तिच्या पाठीवर थरथरत होते, तिनं ते आपल्या हातांनी दाबून धरले आणि हमसाहमशी रडली. मीही रडले. इतक्या वर्षांनी माझं लेकरू माझ्या हातात होतं, खरं, जिवंत, माझ्या पोटचं. आणि तिच्या खांद्यावरून मी दाराकडे बघत राहिले. मला वाटत होतं, तिच्या मागून अजून कुणीतरी यायचंय.